राखण कोण करतं? पेडणे-डिचोलीतल्या रक्षक दैवतांचा आढावा

पेडणे तालुक्यात संध्याकाळी वाटेत वड किंवा रुमड दिसला आणि त्याच्या बुंध्याशी मेणबत्ती, नारळाची करवंटी, विडीचं बंडल असं काही पडलेलं आढळलं, तर ती राखणदाराची जागा समजावी. तिथे देऊळ असेलच असं नाही, मूर्ती तर बहुधा नसतेच. पण मोपा, तोरसे, वारखंड, धारगळ या भागातला माणूस तिथून जाताना वहाणा काढतो, निदान मान तरी लववतो. दुचाकीवरून भरधाव जाणारा मुलगाही हात छातीकडे नेतो. त्या जागेवरचं दैवत कुठल्या पुराणात सापडत नाही, त्याची जन्मकथा नसते, कित्येकदा नावही नसतं. तरी ते टिकून आहे.

हे कशाच्या बळावर टिकतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. गावाचा, मुलखाचा, देशाचा म्हणून मानलेला रक्षक शेकडो वर्षं लोकांच्या जगण्यात कसा राहतो? राज्यं बदलतात, धर्म बदलतात, शाळेत शिकवलेली भाषा बदलते आणि हा मात्र आपली जागा सोडत नाही.

जगात या प्रश्नाचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून आयर्लंडच्या संत पॅट्रिकचं नाव घेतलं जातं. पाचव्या शतकातला हा माणूस मूळचा आयरिशही नव्हता. ब्रिटनमधून वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला पळवून नेलं, गुलाम म्हणून विकलं आणि सहा वर्षं त्याने आयर्लंडात मेंढरं राखली. सुटून गेला, पुढे धर्मोपदेशक होऊन परत त्याच मुलखात आला. त्याचे स्वतःचे म्हणावेत असे दोन लॅटिन मजकूर आजही उपलब्ध आहेत आणि त्यांत या कहाणीचा गाभा आहे. त्याने देशातले साप हाकलले ही कथा मात्र नंतरची. हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नव्हते. तीन पानांच्या रोपाने ख्रिस्ती त्रैक्याचं तत्त्व समजावलं, ही गोष्टही फार उशिरा लिहिली गेली. त्याच्या सणाला, 17 मार्चला, तिथे सार्वजनिक सुट्टी मिळू लागली ती 1903 च्या कायद्यामुळे. मिरवणुकांचा थाट तर आधी बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरित आयरिशांनी उभा केला, डब्लिनची मोठी सरकारी मिरवणूक 1931 ची. म्हणजे संत जुना, पण त्याचं राष्ट्रीय रूप बऱ्याच अंशी परदेशी गेलेल्या लेकरांनी घडवलेलं. ज्याने मेंढरं राखली तो देशाचा राखणदार झाला, एवढा धागा मात्र आपल्याकडच्या माणसाला लगेच ओळखीचा वाटतो.

पेडणे आणि डिचोलीत रक्षक एक नाही. ते थरांनी आहेत, आणि प्रत्येक थराचं काम वेगळं आहे.

सगळ्यांत तळाशी सातेरी. ती वारुळाच्या रूपात पुजली जाते. काही देवळांत गाभाऱ्यात आजही वारूळच आहे, त्याच्यावर मुखवटा चढवलेला असतो. तिला जमीन म्हणा, आई म्हणा, गाव म्हणा. कित्येक ठिकाणी पुढे ती शांतादुर्गा झाली, कुठे भूमिका, कुठे माउली, कुठे भगवती. वर संस्कृत नाव आलं तरी खाली माती तीच राहिली. तिच्या भोवती रवळनाथ, वेताळ, भूतनाथ असे पहारेकरी देव. डिचोली तालुक्यातल्या आमोण्याचा वेताळ प्रसिद्ध आहे. वेताळाला वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि वहाणा झिजतात असं लोक मानतात. आणि सीमेवर, पाणवठ्यावर, घाटीच्या तोंडाशी, कुळागराच्या कडेला राखणदार किंवा देवचार. अंगावर कांबळं, हातात काठी, पायात करकरणाऱ्या वहाणा. म्हापशाचा बोडगेश्वर हा याच कुळातला. पौषात भरणाऱ्या त्याच्या जत्रेला आता बार्देशसह सगळा उत्तर गोवा लोटतो, पण मूळ काम पहाऱ्याचंच.

या राखणदाराची वर्षाची राखण देणं हा विधी फार जवळून पाहण्यासारखा आहे, कारण सगळ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं. कापणीआधी किंवा नंतर, गावागावाच्या रीतीप्रमाणे ठरलेल्या दिवशी, घरातले पुरुष सामान घेऊन त्या जागेवर जातात. जाडजूड रोट, केळी, नारळ, विड्याची पानं, विडी, मेणबत्ती आणि सोरो म्हणजे दारू. काही ठिकाणी कोंबडा. जाणता माणूस पुढे उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं ही स्तुती नाही, ती कैफियत असते. अमुक साली अमुक अडचण आली, तू बघून घेतलंस. यंदा पोराला नोकरी लागू दे, भाताला कीड लागू नये, वाटेने जाणाऱ्याला जनावर डसू नये. घर सोडून मुंबईला, आखाती देशात, बोटीवर गेलेला असेल त्याचंही नाव घ्यायचं. काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घे. प्रत्येक कलमाला मागे उभे असलेले एकसुरात होकार भरतात, व्हय म्हाराजा. शेवटी नारळ फुटतो, सोऱ्याची धार जमिनीवर पडते, उरलेलं वाटून खातात आणि मागे वळून न बघता घरी येतात.

यात भाविकतेइतकाच हिशेब आहे. आम्ही तुझं देणं दिलं, तू आमचं देणं दे. गाऱ्हाण्याची भाषा सरळ पंचायतीतली आहे, तिच्यात मालक आणि रखवालदार यांच्यातला करार बोलतो. आणि कराराला जागा लागते. हा राखणदार अमुक वडाखालचाच, अमुक झरीवरचाच. त्याला उचलून फ्लॅटच्या देवघरात नेता येत नाही. विठ्ठलाची मूर्ती घरोघर असू शकते, राखणदार मात्र त्या एका जागेचाच. माझ्या मते त्याच्या टिकण्याचं बळ यात आहे. गाव त्याची जागा राखतं, तो गाव राखतो. आता संकटही नेमकं तिथेच आलं आहे, त्याकडे पुढे येऊ.

देव नाराज झाला तर काय करायचं, हेसुद्धा या करारात बसवलेलं आहे. पेडण्याची पुनव याचं उत्तम उदाहरण. दसऱ्यापासून पेडण्याच्या भगवतीच्या परिसरात उत्सव सुरू होतो. देवळाच्या दारातले ते दोन भव्य हत्ती ज्यांनी पाहिले त्यांना ती जागा विसरता येत नाही. कोजागिरीच्या पौर्णिमेला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं बाहेर पडतात. रंगीबेरंगी साड्या-लुगड्यांनी सजवलेले ते उंच खांब खांद्यावर घेणाऱ्यांच्या अंगात अवसर येतो. भूतनाथ रुसतो. त्याला स्वतःचं देऊळ नाही, ते हवं आहे. तो रानाच्या दिशेने धाव घेतो, गावकरी त्याच्यामागे धावतात, त्याची समजूत काढतात, एका रात्रीत देऊळ बांधून देऊ असा शब्द देतात, आणि तो परततो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बाधा झालेली माणसं बरी व्हावीत म्हणून त्या रात्री दूरदूरची कुटुंबं येतात, सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडूनही. राज्याची सीमा त्यांना आडवी येत नाही. देवाला दिलेला शब्द कधीच पुरा होत नाही आणि कधीच मोडतही नाही. नातं चालू ठेवण्याची अशी रीत मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही.

डिचोलीत गेलं की राखणीचं नातं बहिणींच्या रूपात भेटतं. सात बहिणी आणि एक भाऊ घाटावरून आले, असं लोककथा सांगते. शिरगावची लईराई, मुळग्याची केळबाई, मयेची महामाया, पेडणे तालुक्यात मोरजीची मोरजाई, बाकीच्या शीतळाई, अंजदीपा आणि मिराबाई. भाऊ खेतोबा. विस्तव आणायला गेलेला खेतोबा खेळात रमला, उशीर झाला, लईराईने रागाने त्याला लाथ मारली आणि मग पश्चात्तापाने अग्नीतून चालण्याचं व्रत घेतलं. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात तेच घडतं. धोंड म्हणजे व्रत घेतलेले भक्त आधीचे दिवस सोवळं पाळतात, तळीवर आंघोळ करतात, रंगीत लोकरीने सजवलेली वेताची काठी हाती घेतात, मध्यरात्री रचलेलं होमकुंड पेटतं आणि पहाटेपर्यंत निखाऱ्यांतून धोंड चालत जातात. देवीला आवडतात म्हणून मोगरीचे कळे. त्या दिवसांत म्हापसा-डिचोलीच्या बाजारात मोगरीच्या कळ्यांचा वास दाटलेला असतो. जत्रेनंतर कळस घरोघर फिरतो.

कथेतल्या मिराबाईचं पुढे काय झालं? ती म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरीमाता, झाली, असं हिंदूही सांगतात आणि ख्रिस्तीही. म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमध्ये तिची वेदी आहे. मूळ चर्च 1594 चं. ईस्टरनंतर दोनेक आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी तिचं फेस्त असतं. तेव्हा चर्चच्या आवारात तेल वाहायला, मेणबत्ती लावायला उभ्या असलेल्या रांगेत कुंकू लावलेल्या कपाळांची संख्या मोठी असते. शिरगावहून तेल जातं, म्हापशाहून फुलं येतात, बहिणी एकमेकींची आठवण ठेवतात, ही परंपरा दोन्ही बाजूंचे लोक आपुलकीने सांगतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट न्यूमन यांनी गोव्यातल्या देवी आणि सायबिणींवर दीर्घकाळ लिहिलं, जर्मन अभ्यासक अलेक्झांडर हेन यांनी 2014 च्या पुस्तकात गोव्यातल्या हिंदू-कॅथलिक भेटींचा माग काढला. दोघांच्याही कामातून एक गोष्ट पुढे येते. वरच्या पातळीवर दोन धर्म समोरासमोर उभे होते तेव्हा खाली जागेशी बांधलेली श्रद्धा दोघांना एकाच उंबरठ्यावर आणत होती.

आयर्लंडमध्ये पॅट्रिकच्या बरोबरीने ब्रिजिड नावाची संत आहे. किल्डेअर गावी तिचा मठ होता आणि तिथे जोगिणी अखंड अग्नी राखत, अशी नोंद बाराव्या शतकातल्या प्रवाशाने केली आहे. ब्रिजिड याच नावाची देवी ख्रिस्ती धर्म येण्याआधी तिथे पुजली जात होती. देवीची संत कशी झाली याबद्दल विद्वानांत वाद आहेत, पण 1 फेब्रुवारीचा तिचा सण जुन्या ऋतुसणावरच बसलेला आहे आणि लव्हाळ्याचे क्रूस विणून लोक तो साजरा करतात. 2023 पासून तिच्या नावाने तिथे सुट्टी मिळते. अग्नी राखणारी देवी आणि धर्म बदलला तरी न हललेली जागा, हे शिरगाव-म्हापशाच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता गोव्याच्या थोरल्या संताकडे. सगळ्या गोव्यात ज्याला गोंयचो सायब म्हणतात तो फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. 1554 च्या मार्चमध्ये त्याचा देह गोव्यात आणला गेला. 1622 मध्ये त्याला संतपद मिळालं. गोव्यात त्याचा प्रत्यक्ष मुक्काम एकंदर थोडाच झाला, बराच काळ तो दक्षिणेच्या किनाऱ्यावर, मलाक्का, मोलुक्का आणि जपानकडे होता. पण त्याचा देह इथे आहे, आणि रक्षकपणाचा सगळा भार त्या देहावर आला.

मराठी वाचकाला याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच इतिहासात सापडतो. 1683 च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजांनी जुवे बेट घेतलं, गोवा शहर अगदी समोर होतं. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चमध्ये गेला, झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड, अधिकारपत्रं त्याच्या हवाली करून, आता राज्य तूच राख म्हणून प्रार्थना केली. पुढे औरंगजेबाचा पुत्र शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने उतरला आणि मराठ्यांना माघारी वळावं लागलं. इतिहासकार मोगल फौजेचं कारण देईल, गोव्याच्या ख्रिस्ती माणसाने श्रेय सायबाला दिलं. त्यानंतर नवे व्हाइसरॉय त्या समाधीपाशी जाऊन अधिकार हाती घेऊ लागले. वडाखालच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालणारा मोपाचा गावकरी आणि समाधीवर राजदंड ठेवणारा व्हाइसरॉय, दोघांची कृती एकाच जातीची आहे. आपलं संकट त्यांनी आपल्या जागेच्या रखवालदाराच्या पदरात टाकलं.

झेवियरबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. 16 मे 1546 च्या पत्रात त्याने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मागितलं. ते 1560 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडता 1812 पर्यंत चाललं. त्या आधी आणि त्या काळात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पडली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीत नार्व्याला. सप्तकोटेश्वराचं नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा उभारलं, त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. ही जखम खरी आहे, ती नाकारून सलोख्याच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर दर दहा वर्षांनी होणारं शवदर्शन, अलीकडचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळातलं, हिंदूंच्या गर्दीशिवाय होत नाही हेही तितकंच खरं आहे. जुन्या गोव्याला नवस बोलणाऱ्या पेडणेकर बायकांना इतिहास ठाऊक नसतो असं समजणं हा त्यांचा अपमान आहे. त्या राखणदाराकडे जातात तसं तिथे जातात.

पेडणे-डिचोलीचं वेगळेपण इथे स्पष्ट होतं. हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आले ते उशिरा, डिचोली आणि सत्तरी 1780 च्या दशकाच्या सुरुवातीला, पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांकडून. तोवर धर्मांतराची लाट ओसरली होती, राज्य टिकवायचं तर स्थानिक रीतींना हात लावू नये हे सत्तेला कळलं होतं. म्हणून इथली देवळं जागेवर राहिली आणि देवाबरोबर गावची सगळी घडी राहिली, गावकरी, महाजन, मानकरी, घाडी, गुरव, अवसर घेणारे, वाजंत्री. रात्रभर चालणारा दशावतार, शिगम्यातलं रोंबाट, पौषातले धालो, सगळं त्या घडीला धरून. सावंतवाडीशी रोटीबेटी आणि मराठी भजनाचं नातं कधी तुटलं नाही, ते या अखंडपणामुळेच.

हा विषय अभ्यासायला घेतला की चार नावं हाताशी लागतात. बा. द. सातोसकरांचा 'गोमंतक: प्रकृती आणि संस्कृती' हा ग्रंथ म्हणजे माहितीची खाण. गोव्यातच, कोसंबेत 1907 साली जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1962 च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या संगमावर का सापडतात याचा शोध घेतला. त्यांची दृष्टी घेऊन पेडण्याच्या पायवाटा पाहिल्या तर राखणदार नेमके तिथेच का बसले हे उमगतं. घाट उतरणारी वाट, पाण्याची जागा, गुरांचा विसावा. गुंथर सोंथायमर यांनी महाराष्ट्रातल्या पशुपालकांच्या देवांवर जे काम केलं त्याचा गोव्याच्या सड्यांशी थेट संबंध आहे. आणि आज राजेंद्र केरकर देवराया, झरी, लोकदैवतांच्या जागा यांची जी नोंद करत आहेत ती या सर्वांना जोडणारी आहे. मात्र यांतल्या बहुतेकांचं लक्ष देवाकडे किंवा समाजाकडे आहे. जागेकडे, तिच्या पाण्या-झाडांकडे पाहणारं काम अजून फार थोडं आहे.

या परंपरेचे दोष झाकून ठेवण्याचंही कारण नाही. गावाचा राखणदार सगळ्या गावाचा असला तरी त्याच्या दारातला मान सगळ्यांना सारखा नव्हता. पालखी कोणी उचलायची, तरंग कोणी घ्यायचं, ओटी आधी कोणाची, यावरून गावं फुटली. महाजन कोण याचं उत्तर 1933 च्या पोर्तुगीज कायद्याने ठरवून टाकलं आणि अनेक समाज त्या यादीबाहेर राहिले. जत्रा पोलिस बंदोबस्तात करावी लागणं किंवा वादापायी देऊळ बंद ठेवणं हे गोव्यात नवीन राहिलेलं नाही. गाऱ्हाण्यात घरातल्या बाईचं दुखणं सांगितलं जातं, पण गाऱ्हाणं घालायला बाई उभी राहत नाही. त्याच गावांतले धालो मात्र पूर्णपणे बायकांचे. तिथे मांडावर त्याच देवता बाईच्या अंगात येऊन बोलतात. हक्काची जागा बायकांनी स्वतः घडवली, असं मी याकडे बघतो. आणि गर्दी वाढली तशी जत्रांची जबाबदारीही वाढली आहे. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद वाटांवर लाखोंची गर्दी सोडून राखण देवीवर टाकता येत नाही.

आता मोपा. पेडणे तालुक्याच्या उत्तरेकडचा हा जांभ्याचा सडा पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात तापलेला. वर गुरांचं चरणं, धनगरांची वस्ती, उतारावर काजू, आणि सड्याने गाळून दिलेलं पाणी पायथ्याशी झरींतून बाहेर येतं, त्यावर कुळागरं आणि शेती. याच सड्यावर बाराजण नावाचं ठाणं गुरं चारणाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या श्रद्धेचं. इथे विमानतळ आला. 28 ऑक्टोबर 2015 ला पर्यावरण परवाना मिळाला, 29 मार्च 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण अहवालातल्या उणिवांवर बोट ठेवून तो स्थगित केला, 16 जानेवारी 2020 ला जादा अटींसह स्थगिती उठली. 11 डिसेंबर 2022 ला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली. साडेतीन किलोमीटरची धावपट्टी सड्याच्या माथ्यावर आहे. धनगरांना घरं सोडावी लागली.

विमानतळ नको होता असं म्हणणाऱ्यांची आणि हवा होता असं म्हणणाऱ्यांची बाजू गेली दोन दशकं ऐकली आहे. तालुक्यातल्या मुलांना तिथे कामं मिळाली आहेत, जमिनीचे भाव वाढले आहेत, तो वाद मी इथे उकरत नाही. माझा मुद्दा राखणीचा आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्याचा गाभाही सड्यावर काय आहे याची नोंदच नीट झाली नाही, हा होता. झाडं, पाणी, वन. त्या यादीत लोकश्रद्धेची ठाणी तर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. पर्यावरण अहवालाच्या नमुन्यात देवळाला जागा असते, वडाखालच्या दगडाला नसते. वाट रुंद करायची तर राखणदाराचा वड आधी जातो. त्याचा दगड बाजूला नवीन घुमटी बांधून बसवतात, तिला टाइल्स, वर ग्रिल, रात्री दिवे. देव राहिला असं वाटतं. पण वडाबरोबर सावली गेली, पाणवठा गेला, गुरांचा विसावा गेला, आणि ज्या कामासाठी तो तिथे होता ते कामच उरलं नाही. धारगळ-पत्रादेवीच्या रुंद झालेल्या महामार्गावर अशा घुमट्या पाहिल्या की मला वाईट वाटतं, ते घुमटीसाठी नाही. तिने झाकलेल्या हानीसाठी वाटतं.

डिचोलीत हेच खनिजापायी घडलं. शिरगाव, मुळगाव, मये हा सगळा सात बहिणींचा मुलूख लोहखनिजावर बसला आहे. खाणींनी शिरगावच्या विहिरी आटवल्या. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, 2014 मध्ये बंदी उठली, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, आता लिलावाने दिलेल्या पट्ट्यांत नव्याने सुरू होत आहेत. घरं, देवळं आणि तळ्या पट्ट्यातून वगळा ही गावकऱ्यांची मागणी आहे, आणि ती अवाजवी नाही. ज्या तळीवर धोंड आंघोळ करतात ती आटली तर लईराईच्या जत्रेला अर्थ काय उरला? खाणमालकाच्या नकाशात तळी म्हणजे एक खड्डा, गावाच्या मनात तो देवीचा संसार.

आयर्लंडमधल्या पवित्र विहिरींची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. संतांच्या नावाच्या अशा विहिरी त्या देशात शेकड्यांनी आहेत, शेजारच्या झाडाला लोक चिंध्या बांधून नवस बोलतात, जुलैच्या शेवटच्या रविवारी पॅट्रिकच्या डोंगरावर हजारो माणसं चढतात, काही अनवाणी. तिथेही रस्ते आले, शेतं बदलली, विहिरी बुजल्या. पण स्थानिक इतिहासमंडळं, शाळा, चर्च यांनी विहिरींची यादी केली, फोटो काढले, कथा लिहून घेतल्या. यादीत आलेली विहीर बुजवणं अवघड होतं, एवढा साधा फायदा.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. त्याच कायद्याखाली डिचोली तालुक्यातल्या सुर्ल गावची पुर्वतळी राय ही देवराई जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली आहे. गावाने देवाच्या धाकाने राखलेलं रान आता कायद्यानेही राखलं. पेडणे तालुक्यातल्या पंचायतींच्या नोंदवहीत झाडं आणि पक्षी लिहिताना त्या झाडाखालचा राखणदार, त्याची झरी, त्याच्या राखणीचा दिवस, गाऱ्हाणं घालणाऱ्या घराची परंपरा हेही लिहायला काय हरकत आहे? गाऱ्हाणं घालणारे जाणते आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या मुलांना शब्द येत नाहीत, नातवंडांना जागा ठाऊक नाही.

तेव्हा पेडणे-डिचोलीतल्या वाचकांना, मुंबई-पुण्यात राहणाऱ्या पेडणेकर, मोपकर, मोरजकर मंडळींनाही, विनंती आहे. यंदा जत्रेला गावी जाल तेव्हा एक संध्याकाळ घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर वाड्याची सीमा फिरा. राखणदाराच्या जागा कुठे कुठे आहेत ते विचारा, त्या लिहून घ्या, जवळच्या झरीचं नाव लिहा आणि ती यादी पुढच्या ग्रामसभेत ठेवून नोंदवहीत घालून घ्या. मोपाच्या सड्याचा उरलेला भाग, त्याचे उतार आणि पायथ्याच्या झरी यांची नोंद आधी व्हावी, कारण बांधकामाची पुढची लाट तिथेच येणार आहे.